तेल कुठे मुरते? ओगोनीलँडच्या मातीचे प्रकरण

नायजेरियाच्या दक्षिणेला, पोर्ट हारकोर्ट शहराच्या पूर्वेला, एलेमे भागात निसिसिओकेन ओगाले नावाची वस्ती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे, म्हणजे ‘युनेप’चे, पथक तिथे भूजल तपासायला गेले. जमिनीखालच्या पाण्यावर त्यांना ८ सेंटिमीटर जाडीचा तेलाचा थर तरंगताना सापडला. हाताची चार बोटे आडवी धरली की साधारण तेवढी जाडी होते. हे तेल कच्चे नव्हते, शुद्धीकरण झालेले होते, नळवाहिनीतून गळलेले. त्याच भूजलावरच्या विहिरींचे पाणी लोक पीत होते. त्या पाण्यात बेन्झीन निघाले, जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त. ती मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे आणि बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे वादातीत आहे. ज्या गळतीशी हा थर जोडला गेला, ती सहा वर्षांहून जुनी होती.

तेलाच्या प्रदेशात तेल सांडणार, हे कुणाला सांगावे लागत नाही. या प्रकरणात मला खटकते ते वेगळेच. ओगोनीलँडमधल्या कित्येक जागा कागदोपत्री ‘साफ’ झाल्या होत्या, फायली बंद झाल्या होत्या, आणि तरीही खाली तेल होते. मराठीत संशय आला की आपण ‘पाणी कुठेतरी मुरतंय’ म्हणतो. इथे तेल मुरत होते, आणि ते नेमके कुठे मुरते हे कुणी खोल जाऊन बघत नव्हते.

जागा आणि माणसे

ओगोनीलँड हा नायजर त्रिभुज प्रदेशाचा पूर्वेकडचा तुकडा. क्षेत्रफळ सुमारे १,००० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून जेवढे होतील त्याच्या दीडपटीच्या पुढे. एलेमे, ताई, गोकाना आणि खाना हे त्याचे चार प्रशासकीय भाग. २००६ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ८ लाख ३२ हजार. लोक शेतकरी आणि कोळी. शेतात कसावा, ज्याच्या कंदापासून आपल्याकडे उपासाचा साबुदाणा होतो, आणि याम, म्हणजे आपल्या कोनफळाचा भाऊबंद. दोन्ही पिके मातीच्या पोटात वाढतात. दक्षिणेला खाड्या आणि कांदळवन. वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. कोकणातल्या वाचकाला हे चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत.

नायजेरियात व्यापारी प्रमाणात तेल सापडले १९५६ मध्ये, ओलोइबिरी इथे. ओगोनीलँडमध्ये ते १९५८ मध्ये लागले, के-डेरे गावाजवळच्या बोमू क्षेत्रात. त्या वेळी कंपनी होती शेल-बीपी. पुढे शेलची नायजेरियन उपकंपनी आणि सरकारी तेल महामंडळ यांची भागीदारी झाली. पुढचा इतिहास बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेला असतो. १९९० मध्ये ओगोनी लोकांनी आपला हक्कांचा जाहीरनामा काढला, ४ जानेवारी १९९३ रोजी प्रचंड मोर्चे निघाले, त्याच वर्षी शेलने तिथले उत्पादन थांबवले, आणि १० नोव्हेंबर १९९५ रोजी लष्करी राजवटीने लेखक केन सारो-विवा यांच्यासह नऊ जणांना पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात फाशी दिली. या फाशीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मातीवर त्या मानाने कमी.

उत्पादन थांबले म्हणजे तेल थांबले असे मात्र नाही. ट्रान्स-नायजर ही मोठी नळवाहिनी दुसरीकडचे तेल बॉनी बंदराकडे नेते, आणि ती ओगोनीलँडमधूनच जाते. शिवाय तेलकूप, टाक्या, वाल्व, जोडनळ्या हे सगळे जागच्या जागी राहिले. रीतसर मोडून, बुजवून, सील करून जागा परत करायची असते. इथे बऱ्याच ठिकाणी ते झाले नाही. गंजलेले सामान मागे राहिले आणि ते बघणारे कुणी राहिले नाही.

माती काय करते

नायजर प्रदेशात कित्येक वर्षे एक समज चालत आलेला होता: इथे वरच्या थराखाली चिकणमाती आहे, ती तेलाला खाली जाऊ देत नाही, त्यामुळे वरची माती नीट केली की काम झाले. समज सोयीचा होता. खर्चही कमी.

युनेपने तो पडताळायचे ठरवले आणि म्हणून भोके पाडली. ही पाहणी चौदा महिने चालली. २०० हून अधिक ठिकाणे बघितली, नळवाहिन्यांच्या कडेने १२२ किलोमीटर पट्टा पायी तपासला, त्यातल्या ६९ जागांवर माती आणि भूजलाचा सखोल अभ्यास केला. मातीसाठी ७८० बोअर, भूजलासाठी खास पाडलेल्या १४२ निरीक्षण विहिरी, एकूण ४,००० हून अधिक नमुने. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल आला. पाहणीची मागणी नायजेरियन सरकारची होती आणि ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ या न्यायाने पैसा शेलच्या उपकंपनीचा. त्यामुळे सुरुवातीला बऱ्याच ओगोनी लोकांचा या कामावर विश्वास नव्हता. निष्कर्ष वाचल्यावर तो अविश्वास टिकवणे अवघड झाले.

भोके पाडल्यावर दिसले ते असे: चिकणमाती आहे, पण सलग नाही. कुठे पट्टा आहे, कुठे नुसता खिसा, आणि मधे वाळू. म्हणजे छपराला कौले आहेत, पण चार घातली आणि दोन सोडून दिली. ४९ जागांवर हायड्रोकार्बन, म्हणजे तेलाचे घटक, किमान ५ मीटर खोलीपर्यंत सापडले. ४१ जागांवर ते भूजलापर्यंत पोचलेले होते, तेही नायजेरियाच्या स्वतःच्या मानकापेक्षा जास्त प्रमाणात.

हे होते कसे, ते थोडे सावकाश बघू. इथले तेल हलके असते. बॉनी लाइट या नावाने ते जगाच्या बाजारात चांगला भाव खाते, कारण त्यात गंधक कमी आणि पेट्रोल-डिझेल भरपूर निघते. बाजारात जो गुण, तोच मातीत दोष. डांबरासारखे घट्ट तेल वरच साका धरून बसते. हलके तेल वाळूच्या कणांमधून सहज उतरते. सांडल्यावर पहिल्या काही दिवसांत त्यातला सगळ्यांत हलका भाग उडून जातो आणि हवेत उग्र वास भरतो. उरलेले खाली जाते. वाटेत थोडे मातीच्या कणांना चिकटून राहते, बाकीचे भूजलाच्या पातळीपर्यंत पोचते आणि पाण्यापेक्षा हलके म्हणून तिथे आडवे पसरते. पावसाळ्यात पातळी वर येते, तेलही वर येते. उन्हाळ्यात पाणी उतरते, तेलही उतरते. दर वर्षीच्या या चढउतारात मातीचा एक जाड पट्टा तेलाने माखून निघतो. मग गळती बंद होऊन दहा वर्षे झाली तरी दर पावसाळ्यात या पट्ट्यातून थोडे थोडे पाण्यात विरघळत राहते. विरघळण्यात बेन्झीन सगळ्यांच्या पुढे. विहिरीला पहिल्यांदा तेच पोचते, आणि ते रंगाने दिसत नाही.

वर आणखी एक गोष्ट घडते. सांडलेल्या तेलाला आग लागली, आणि इथे ती वारंवार लागली, की वनस्पती जळून जाते आणि जमिनीवर कडक पापुद्रा धरतो. डांबर आणि राख यांचा हा पापुद्रा पाणी आत घेत नाही, बी रुजू देत नाही. खालच्या तेलाला झाकण बसल्यासारखे होते. हवा आत जात नाही, त्यामुळे जिवाणूंचे कामही मंदावते.

एजामा-एबुबू हे याचे सगळ्यांत जुने उदाहरण. नायजेरियातले बियाफ्राचे यादवी युद्ध संपले त्या १९७० सालची ही गळती. चाळीस वर्षांनी युनेपचे लोक गेले तेव्हा तिथे जड प्रदूषण तसेच होते. मधल्या काळात सफाईचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही, अनेकदा झाले होते.

वरंब्यांची पद्धत

आता या प्रकरणाचा मुख्य भाग. शेलची उपकंपनी जी पद्धत वापरत होती तिचे नाव ‘रेना’: निसर्गतः होणारी झीज वाढवून केलेली सफाई. रीत अशी की, बाधित जागेवरचे तेल शक्य तेवढे काढायचे, वरची माती नांगरून भुसभुशीत करायची, नत्र आणि स्फुरद मिळावे म्हणून खत टाकायचे, तिचे लांब वरंबे करून ठेवायचे, अधूनमधून उलटायचे, आणि काही महिन्यांनी नमुना घेऊन बघायचे. तेल खाणारे जिवाणू मातीत मुळातच असतात. त्यांना कार्बन तर भरपूर मिळालेला असतो. अडते ते हवा आणि खताशी. ते दिले की ते तेल खातात आणि त्याचा कर्बवायू व पाणी करतात.

तत्त्व खोटे नाही. आपल्याकडे टेरी संस्थेने ‘ऑइलझॅपर’ हे तेलभक्षी जिवाणूंचे मिश्रण तयार केले, आणि ते ओएनजीसी व ऑइल इंडियाच्या तेलकट गाळावर वापरले जाते. पण जिवाणू मजूर आहेत, जादूगार नाहीत. ते जिथे नेऊन सोडाल तिथेच काम करतात. गाळ अस्तर घातलेल्या खड्ड्यात गोळा करून त्यात जिवाणू मिसळणे वेगळे, आणि उघड्या शेतात वरची माती उलटीपालटी करून खालच्या पाच मीटरची जबाबदारी निसर्गावर टाकणे वेगळे.

युनेपचे पहिले म्हणणे हेच होते: नांगराचा फाळ जातो तेवढ्याच मातीवर उपचार झाला, त्याखालच्या मातीला कुणी हात लावला नाही. दुसरे म्हणजे, एवढ्या पावसात उघडे वरंबे ठेवले की पाऊस त्यातले तेल धुऊन बाजूच्या नाल्यात, दलदलीत आणि खालच्या मातीत नेतो. वरंब्यातला आकडा उतरतो, हे खरे. पण तेल संपले म्हणून उतरला, की गाव बदलून गेले म्हणून, हे त्या आकड्यावरून कळत नाही. उन्हाने उडालेल्या भागाचेही तेच. मातीतून हवेत गेलेले बेन्झीन कागदावर ‘कमी झालेले’ दिसते.

कंपनीच्या नोंदींप्रमाणे सफाई पूर्ण झालेल्या १५ जागा युनेपने पुन्हा तपासल्या. त्यांतल्या १० जागांवर प्रदूषण सरकारच्या आणि कंपनीच्याही बंद करण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. आठ ठिकाणी ते भूजलात उतरलेले होते. आपणच घेतलेली परीक्षा, आपणच दिलेले गुण, आणि दुसऱ्याने पेपर पुन्हा तपासला तर पंधरांत दहा नापास.

५,००० आणि ५०

इथे थोडे कायद्यात शिरावे लागते, कारण गोम तिथेच आहे. नायजेरियात तेल उद्योगासाठी पर्यावरणाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची, २००२ मध्ये सुधारलेली. त्यात मातीतल्या खनिज तेलासाठी दोन आकडे दिले आहेत. किलोमागे ५,००० मिलिग्रॅम हा हस्तक्षेपाचा आकडा: याच्या वर गेले की काहीतरी करायलाच हवे. आणि ५० मिलिग्रॅम हा लक्ष्याचा आकडा: माती पुन्हा माती म्हणून वापरण्याजोगी झाली.

वैद्यकीय भाषेत सांगायचे तर पहिला आकडा रुग्णाला दाखल कधी करायचे त्याचा आणि दुसरा घरी कधी पाठवायचे त्याचा. पण मजकूर असा संदिग्ध लिहिला गेला की, दाखल करण्याच्या आकड्याच्या जरा खाली आले की डिस्चार्ज देता येऊ लागला. आणि झालेही तसेच. एका किलो मातीत ४,९०० मिलिग्रॅम तेल उरले असताना फाइल बंद करणे नियमात बसवता येत होते. दोन आकड्यांत शंभर पटींचा फरक आहे आणि ओगोनी शेतकरी नेमका त्या फरकात कसावा लावत होता.

या तत्त्वांचा अर्थ लावणाऱ्या संस्थाही दोन होत्या: पेट्रोलियम खाते आणि २००६ मध्ये स्थापन झालेली तेलगळती संस्था. दोघांची वाचने वेगळी. गळती संस्थेकडे स्वतःची पुरेशी वाहने, नावा, यंत्रे नव्हती, त्यामुळे गळतीच्या जागी पोचण्यासाठी ती तेल कंपन्यांवरच अवलंबून असे. म्हणजे ज्याची झडती घ्यायची त्याच्याच गाडीत बसून त्याच्या घरी जायचे. अशा पाहणीत किती बॅरल सांडले हा आकडा कुणाचा टिकणार?

बोदोचे उदाहरण घ्या. गोकाना भागातल्या या खाडीकाठच्या गावाजवळ २००८ मध्ये ट्रान्स-नायजर नळवाहिनी दोनदा फुटली. पहिल्या गळतीचा सुरुवातीच्या संयुक्त पाहणीतला आकडा १,६४० बॅरल. बोदोच्या लोकांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावल्यावर हा आकडा टिकला नाही. प्रत्यक्ष गळती त्याहून बरीच मोठी होती हे कंपनीने मान्य केले. जानेवारी २०१५ मध्ये ५ कोटी ५० लाख पौंडांवर तडजोड झाली, त्यांतले ३ कोटी ५० लाख १५,६०० गावकऱ्यांमध्ये वाटायला आणि बाकीचे गावासाठी. तोवर कांदळवनाच्या मुळांना काळा लेप बसून सहा वर्षे उलटली होती.

चोरीचे तेल

इथे कंपनीची बाजूही सांगायला हवी, कारण ती पूर्ण खोटी नाही. नळवाहिनीला भोक पाडून तेल चोरणे आणि खाडीकाठी पिंपांच्या भट्ट्यांवर ते शिजवून डिझेल काढणे हा नायजर प्रदेशातला मोठा धंदा आहे. तिथल्या बोलीत त्याला ‘क्पो-फायर’ म्हणतात. भट्टीतून जे काढता येत नाही ते सरळ खाडीत सोडले जाते. २००७ ते २०११ या काळात ‘बोदो वेस्ट’ भागात अशा भट्ट्या वाढल्या, आणि युनेपच्या मोजणीत त्याच सुमारास तिथले सुमारे १० टक्के निरोगी कांदळवन गेले.

पण याने हिशेब उलटत नाही. एजामा-एबुबूची १९७० ची गळती भट्टीवाल्यांनी केली नव्हती. ओगालेतले चार बोटांचे तेल कंपनीचेही नव्हते आणि चोराचेही नव्हते. वस्तीजवळून जाते ती सरकारी महामंडळाची नळी. दोषाची वाटणी करताना प्रत्येक जण दुसऱ्याचे बोट दाखवतो, आणि प्रत्येकाचे थोडे खरे असते. तेवढ्यात पावसाळा येऊन जातो आणि तेल आणखी वितभर खाली उतरते.

अहवालानंतर

युनेपने सांगितले की पूर्ण पुनरुज्जीवनाला २५ ते ३० वर्षे लागतील आणि पहिल्या पाच वर्षांसाठी १ अब्ज डॉलरचा निधी उभारावा. त्याहून तातडीचे: प्रदूषित विहिरींवर खुणा करा, लोकांना दुसरे पाणी द्या. आणि मातीसाठी ओगोनीलँडमध्येच एक केंद्र उभारा, जिथे उपसलेली माती नेऊन, अस्तर असलेल्या जागेत, धुऊन किंवा जिवाणूंनी नीट करता येईल. वरंब्यांऐवजी कारखाना, अशी ती कल्पना.

२०१२ मध्ये ‘हायप्रेप’ नावाचा सरकारी प्रकल्प कागदावर आला. सफाईचा समारंभ बोदोमध्ये २ जून २०१६ रोजी उपराष्ट्रपती येमी ओसिनबाजो यांच्या हस्ते झाला. जमीन प्रत्यक्ष ठेकेदारांच्या ताब्यात गेली २०१९ मध्ये, अहवालाला सात वर्षे उलटल्यावर. पहिल्या तुकडीतल्या कंपन्यांना मातीच्या सफाईचा अनुभव आहे का, यावर तिथल्या वर्तमानपत्रांत टीका झाली. शिवाय सुरुवातीला निवडलेल्या जागा सोप्या प्रकारच्या होत्या, जिथे प्रदूषण फार खोल नाही अशा. व्यवहार म्हणून हे समजण्यासारखे आहे. सोप्यावर हात बसवून मग अवघडाकडे जावे. पण पाणी पिणाऱ्यांच्या दृष्टीने अवघड जागा आधी यायला हव्या होत्या.

दरम्यान न्यायालये स्वतःच्या गतीने चालत होती. ओगोनीलँडमधल्या गोई गावाच्या शेतकऱ्यांच्या बाजूने, शेलविरुद्ध, नेदरलँड्समधल्या द हेगच्या अपील न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला आणि पुढे गोईसह तीन गावांसाठी दीड कोटी युरोंवर तडजोड झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एजामा-एबुबूच्या लोकांना ४५.९ अब्ज नायरा द्यायला शेलची उपकंपनी तयार झाली, गळतीनंतर ५१ वर्षांनी. मार्च २०२५ मध्ये शेलने आपला किनाऱ्यावरचा नायजेरियन व्यवसाय रेनेसान्स या कंपन्यांच्या समूहाला विकून टाकला. जून २०२५ मध्ये राष्ट्रपती बोला टिनुबू यांनी केन सारो-विवा आणि सहकाऱ्यांना माफी दिली. फाशी गेलेल्यांना माफी कसली, असा प्रश्न ओगोनी संघटनांनी विचारला, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. ओगोनीलँडमध्ये उत्पादन पुन्हा सुरू करण्याच्या वाटाघाटीही त्याच वर्षी सुरू होत्या.

ओगालेचा शेलविरुद्धचा दावा मात्र अजून उभा आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ओगाले आणि बिले या दोन वस्त्यांना इंग्लंडमध्ये दावा चालवायची मुभा दिली. कंपनीचा एक मोठा बचाव मुदतीचा होता: गळती जुनी, मुदत संपली. २० जून २०२५ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने प्राथमिक मुद्द्यांवर निकाल देताना या बचावातली बरीच हवा काढून घेतली. तेल जोवर एखाद्याच्या जमिनीत पडून आहे, तोवर प्रत्येक दिवशी दाव्याचे नवे कारण निर्माण होऊ शकते, असे त्या निकालात आहे. म्हणजे आता नळी फुटली कधी याच्या तारखेपेक्षा, आज त्या जमिनीत काय आहे आणि किती खोल आहे, याला महत्त्व येणार. पूर्ण सुनावणी २०२७ मध्ये व्हायची आहे आणि त्यासाठी पुन्हा कुणीतरी ओगालेत भोके पाडून नमुने काढणार आहे.